चेन्नईतील स्वस्त भोजन
परक्या शहरात भाषा अनोळखी आणि खिशात पैसे मोजकेच असले, की प्रवाशाला जेवणाची चिंता पडते. चेन्नईत अशा वेळी ‘अम्मा उणवगम’चा आधार मिळतो. तमिळ भाषेत ‘उणवगम’ म्हणजे उपाहारगृह. मुख्यमंत्री जयललिता यांच्या कारकिर्दीत, २०१३ साली, चेन्नई महानगरपालिकेने ही उपाहारगृहे सुरू केली. १ रुपयात इडली, ५ रुपयांत सांबारभात आणि ३ रुपयांत दहीभात असे दर ठरले. सर्व पदार्थ शाकाहारी असतात. स्वयंपाक बचत गटांतील स्त्रिया करतात. तोट्याचा भार महानगरपालिका सोसते. आधी टोकन घ्यायचे, मग उंच टेबलापाशी उभे राहून जेवायचे. मजूर, रुग्णांचे नातेवाईक, वाटसरू सारे एकाच रांगेत उभे असतात. थोडे का होईना, मोल दिल्यामुळे गरिबालाही येथे मानाने जेवता येते.