गिधाडे, मेलेली ढोरे आणि स्वयंसेवा

निसर्ग संवर्धनाचे काम करणाऱ्या स्थानिक मंडळात आपण जावे की जाऊ नये, हा प्रश्न आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी अलीकडे वारंवार विचारतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून त्यांची अशा मंडळांशी ओळख होते. या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक आपल्याच कार्यकर्त्यांचे: पक्षी मोजणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, आपल्याला भाकरीचे प्रश्न आहेत. दुसरे मंडळांचे: निसर्गाला जात नसते, सर्वांनी यावे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ती का अपुरी आहेत हे अमूर्त चर्चेतून कळणार नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते तपासू. ते उदाहरण गिधाडाचे आहे.

गिधाड हा आपल्या वाङ्मयात शिवीसारखा वापरला गेलेला पक्षी आहे. प्रत्यक्षात तो गावकुसाबाहेरचा सफाई कामगारच होता. मेलेल्या ढोराचा फडशा त्यांचा थवा तासाभरात पाडीत असे. १९९० नंतरच्या दशकात हा पक्षी दिसेनासा झाला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातून एक या प्रमाणात उरली. लांब चोचीची शंभरातून तीन. २००४ साली कारण सिद्ध झाले. ताप आणि सूज उतरावी म्हणून गुरांना डायक्लोफेनॅक टोचले जाई. असे ढोर लगेच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती थोड्याच दिवसांत मरत. शंभरातले एखादे ढोर औषधाचे असले तरी थवा संपायला पुरेसे होते. कारण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिलू वयात यायला पाचएक वर्षे लागतात.

२००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपीचे माप ३ मिलिलिटरवर आणले गेले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही औषधेही जनावरांसाठी बंद झाली. मेलोक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध उपलब्ध आहे.

गिधाडे गेल्याने कोणाचे नुकसान झाले? उघड्यावरची मढी कुजत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसे अधिक मेली, असा अंदाज इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. आता विचार करा. गावाची मढी कोठे टाकली जातात? ती टाकण्याची जागा कोणाच्या वस्तीला लागून असते? पाटलाच्या वाड्याला लागून नक्कीच नसते. तेव्हा गिधाडाचा प्रश्न हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, हे पहिले उत्तर येथेच निकालात निघते.

आता मंडळे काय करतात ते पाहू. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. अशा ठिकाणी स्वयंसेवकांची कामे साधारण चार असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत घरट्यांवर लांबून नजर ठेवून नोंदी करणे. घरट्याचे झाड तोडले जाऊ नये म्हणून मालकाशी बोलणे. औषधांच्या दुकानांत आणि गोठ्यांत बंद औषधे वापरली जातात का याची चौकशी करणे. आणि चौथे, गिधाडांना निर्धोक अन्न मिळावे म्हणून मेलेली ढोरे ठरलेल्या जागी पोहोचवणे. या जागेला गिधाड उपाहारगृह म्हणतात. रायगड आणि गडचिरोली जिल्ह्यांत असे प्रयोग झालेले आहेत.

पहिली तीन कामे वही, दुर्बीण आणि जीभ यांची आहेत. चौथे काम दोराचे आहे. आणि या चौथ्या कामापाशी येऊन दुसरे उत्तरही कोलमडते. निसर्गाला जात नसेल. परंतु मेलेले ढोर ओढण्याला या देशात जात आहे.

याच रायगड जिल्ह्यात महाड आहे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. ढोर ओढणे हा वतनी कामाचा भाग होता. हाडकी-हाडोळ्याच्या तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात सारे गाव आणि सरकार महाराला रात्रंदिवस राबवून घेत असे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी एक हकीकत सांगितली आहे. ढोरे ओढणे सोडल्याने शिंगे, हाडे, कातडी यांचे केवढे उत्पन्न बुडते याचा हिशेब कोणीतरी 'केसरी'त मांडला होता. उत्पन्न एवढे असेल तर ते काम तुम्हीच करा, असा त्यावर बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय होता. आमच्या आजोबांच्या पिढीने हे काम सोडले तेव्हा गावाने त्यांची वाट अडवली, किराणा बंद केला. ते काम सोडल्यामुळेच मी आज खडूला हात लावतो आहे.

हा इतिहास संपलेला नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये ऊना तालुक्यातील मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले गेले. त्यानंतर तेथील दलितांनी ढोरे उचलण्यास नकार दिला आणि मढी सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे नेऊन टाकली. महाराष्ट्रातही २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणजे गोठ्यात मरणारे ढोर उचलायचे कोणी, हा प्रश्न वाढलेलाच आहे.

मग गिधाड जगवण्यासाठी आपण पुन्हा दोर हाती घ्यायचा काय? येथे वेठ आणि स्वयंसेवा यांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. दोन्हींत पैसा नसतो, म्हणून त्या सारख्या दिसतात. वेठीत नकार देता येत नाही. स्वयंसेवेत देता येतो. वेठीचे काम जन्मावरून ठरते. स्वयंसेवेत ते पाळीने फिरले पाहिजे. वेठीला नाव नसते. स्वयंसेवेची नोंद नावानिशी झाली पाहिजे. ज्या मंडळात दुर्बीण कायम एका आडनावाच्या हाती आणि दोर कायम दुसऱ्या आडनावाच्या हाती असतो, तेथे श्रमदान या गोड नावाखाली जुने वतनच चालू आहे असे समजावे.

म्हणून मंडळात जाणाऱ्या विद्यार्थ्याने काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. ढोर उचलण्याचे काम गाडी आणि यंत्राने होते की खांद्याने? ते मजुरीचे काम असेल तर मजुरी, हातमोजे, बूट आणि विमा आहे काय? पशुवैद्याने ढोर तपासल्याशिवाय त्याला हात लावला जात नाही ना? ही तपासणी गिधाडाइतकीच माणसासाठीही आवश्यक आहे. काळपुळीने मेलेल्या जनावराचे कातडे काढणाऱ्याला तोच रोग होऊ शकतो. अहवालात कातडे सोलणाऱ्याचे नाव येते काय? सोललेले ढोर गिधाडांना लवकर खाता येते. ते कसब आहे, त्याचीही नोंद ज्ञान म्हणून व्हावी.

यासाठी कायद्याचा आधारही आहे. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. २००४ च्या केंद्रीय नियमांनी या समितीवर किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य ठरवून दिले होते. आपल्या गावची समिती कोणती, तिच्यावर कोण आहे, नोंदवही कोणी कोणाला विचारून लिहिली, हे ग्रामसभेत विचारायला दुर्बीण लागत नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांना माझे उत्तर असे आहे: जावे. घरटी मोजायला शिकावे, औषधांची नावे पाठ करावीत, नोंदवही आपल्या हाताने लिहावी. आणि ढोर ओढण्याची पाळी लागली की पाळीचा कागद आधी मागावा. त्यावर सर्वांची नावे असतील तर आपलेही असायला हरकत नाही. फक्त आपलेच असेल तर तो कागद तेथेच परत करावा आणि का परत केला हे मंडळाच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.