बर्फाचा रिपोर्ट वाचायचा कसा? गुलमर्गच्या ‘४० सेंटीमीटर’ची गोष्ट

एपिसोड लिहून काढताना मधली बडबड थोडी गाळली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

डिसेंबर आला की वसईत नाताळची तयारी सुरू होते आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काश्मीर टूरची पत्रकं फिरायला लागतात. मग कोणीतरी ॲप उघडतो आणि स्क्रीनशॉट टाकतो: ‘गुलमर्ग, स्नो डेप्थ ४० सेंमी’. खाली दहा जणांचे अंगठे, आणि बुकिंग पक्कं. आज आपण तो ४० चा आकडा उघडून बघणार आहोत. तो कोणी मोजला, कुठे मोजला, कधी मोजला? फक्त फोटो काढायला जाणाऱ्याचे यात पैसे अडकलेले असतात. स्कीइंगला जाणाऱ्याचा जीवसुद्धा.

आधी एक भाषेची गंमत. आपल्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या टपात टाकतात ती लादी, नाहीतर गोळेवाल्याचा किस. आकाशातून पडतो तो खरं तर हिम, पण बोलताना आपण त्यालाही बर्फच म्हणतो. इथेच गडबड होते. लादी ही लादीच राहते. पडलेला हिम मात्र बसतो, दबतो, दाणेदार होतो, वरून वितळून परत गोठतो. ताजा कोरडा हिम म्हणजे बहुतेक हवाच. ढोबळ हिशोब असा की एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण एक सेंटीमीटर हिम. म्हणून काल ६० सेंटीमीटर होता आणि रात्री ३० पडला, तर चार दिवसांनी ९० दिसत नाही. ७५ दिसला तर कोणी चोरला नाही, तो बसला.

आता जागेचा प्रश्न. पावसाळ्यात बातम्यांत कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे सांगतात, आणि आपण नालासोपारा स्टेशनवर पाणी बघत उभे असतो. आकडा खोटा नसतो, तो आपल्या जागेचा नसतो, एवढंच. डोंगरात हाच फरक उभा होतो. गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे गुलमर्गचं नुसतं मैदानच त्याहून हजार मीटर उंच. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, साधारण ३,०५० मीटरवर. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. खालून वर तेराशे मीटरचा फरक!

उंची वाढली की हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे खाली हॉटेलच्या दारात अधिक एक अंश आणि चिखल, आणि त्याच क्षणी वर उणे सात आणि भुरभुरीत हिम. आता सांगा, ४० सेंटीमीटर यातल्या कुठल्या जागेचे?

आणि तुमचं ॲप तर कुठलीच जागा मोजत नाही. हे माझ्या धंद्याच्या जवळचं आहे, म्हणून जरा थांबतो. हवामानाचं मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी उंची देतं. युरोपचं जे मॉडेल सगळ्यात नावाजलेलं आहे, त्याचा चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा. अमेरिकेच्या मॉडेलचा फुकट मिळणारा डेटा पंचवीसेक किलोमीटरच्या चौकोनांचा असतो, आणि बरीच ॲप्स तोच वापरतात. वसई रोड ते विरार रेल्वेने आठ किलोमीटर, म्हणजे मधल्या नालासोपाऱ्यासकट सगळं एका चौकोनात बसलं. आपल्याकडे चालून जातं, कारण जीवदानीचा डोंगर सोडला तर सगळं सपाट आहे. पण गोंडोलाची दोन्ही टप्प्यांची मिळून लांबी पाचेक किलोमीटर. म्हणजे गुलमर्गचा चिखल आणि अफरवटचा हिम एकाच चौकोनात, एकाच आकड्यात! त्यामुळे ज्या रिपोर्टमध्ये ‘खालचा’, ‘मधला’, ‘वरचा’ असे वेगळे आकडे नाहीत, तो मी तरी दोन सेकंदांत बंद करतो.

बरं, तुम्हाला यातला कुठला आकडा लागतो? पहिल्यांदा स्की बांधणार असाल तर फक्त खालचा. नवशिक्यांचे उतार गुलमर्गच्या मैदानालगतच आहेत. वर अफरवटवर दोन मीटर हिम असला तरी तुमच्या कामाचा नाही, कारण वरचे उतार तासून गुळगुळीत केलेले नसतात. तिथे जाणारे कसलेले लोक असतात, तेही गाइड घेऊन.

वेळेचंही तसंच. काश्मिरात हिम येतो तो पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान करत येणारी हवेची प्रणाली. ती आली तर दोन दिवसांत सगळं पांढरं, नाही आली तर महिनाभर कोरडं. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना तिथे चिल्लई कलां म्हणतात, कडाक्याच्या थंडीचा काळ. पण थंडी म्हणजे हिम नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये हेच चाळीस दिवस चालू असताना गुलमर्ग तपकिरी पडलं होतं. हिम आला तो महिना संपता संपता. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग फेब्रुवारीच्या सुरुवातीला होणार होता, तो २१ तारखेला सुरू झाला. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतल्या स्पर्धा हिमाअभावी पुढे ढकलून ९ मार्चला सुरू कराव्या लागल्या. सरकारी स्पर्धेची तारीख हलते तिथे ‘बर्फ गॅरंटी’ लिहिणारा टूरवाला कोण लागून गेला? पंधरा दिवस आधीचा अंदाज माझ्या लेखी शून्य. तीन-चार दिवसांचा बरा असतो.

काही जण विचारतात, मशीनने बर्फ का करत नाहीत? उत्तराखंडात औलीला तशी यंत्रं बसवली होती. पण पाण्याचा फवारा हवेत गोठायला नुसतं थंड असून भागत नाही, हवा कोरडीही लागते. आपल्याकडे मे महिन्यात दमटपणामुळे घाम वाळत नाही ना, त्याच्या बरोबर उलटं गणित.

आता वारा. रिपोर्टमध्ये सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असतो आणि कोणी बघत नाही. वारा वाढला की गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद ठेवतात. तिकीट ऑनलाइन, आधी काढलेलं, आकाश निळंशार, आणि तरी बंद. वर वाऱ्याचा हिशोब वेगळा असतो. शिवाय वारा हिम उचलतो आणि डोंगराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन रचतो. त्यामुळे एका बाजूला खडक उघडा आणि दुसऱ्या बाजूला, आकाशातून एक कणही न पडता, अर्धा मीटर नवा थर. हा थर जड असतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

हिमस्खलन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला आवाज येतो, कोणीतरी ओरडतो आणि डोंगर कोसळतो. ओरडण्याने तसं होत नाही. टाइल बसवताना खाली सिमेंटऐवजी कोरडी वाळू पसरली तर काय होईल? सपाट जमिनीवर काही नाही, उतारावर टाइल घसरणार. हिमात ती वाळू अशी तयार होते: हंगामाच्या सुरुवातीला पातळ थर पडतो आणि मग बरेच दिवस कोरडी थंडी. जमीन शून्याच्या आसपास, वरची हवा उणे दहा-बारा. एवढ्याशा थरात एवढा फरक असला की आतली वाफ वर सरकते आणि खालचे कण साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नंतर दणकून हिम पडला की टाइल तयार. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर एका माणसाच्या वजनाने ती तडकते.

म्हणजे कोरडा डिसेंबर, कोरडा जानेवारी आणि फेब्रुवारीत जोरदार हिमवर्षाव, याला टूरवाला ‘सीझन वाचला’ म्हणतो. डोंगराच्या दृष्टीने ती सगळ्यात वाईट रचना. २२ फेब्रुवारी २०२४ ला, हिमवर्षाव होऊन गेल्यावर, गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीअर गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवटवर पोलंडचे दोघं. पर्यटकांना ज्या दिवसांचे फोटो हवे असतात, ताजा हिम आणि वर निळं आकाश, नेमके तेच दिवस सांभाळायचे असतात. चोवीस तासांत तीस सेंटीमीटरच्या वर पडला असेल, तर तो आकडा आनंदाचा म्हणून वाचू नका.

यासाठी वेगळा रिपोर्ट असतो. संरक्षण खात्याच्या डीआरडीओची चंदीगडला डीजीआरई नावाची संस्था आहे, ती हिमस्खलनाचा अंदाज देते आणि जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तो प्रसिद्ध करतं. त्यात ‘गुलमर्ग’ शोधाल तर बरेचदा सापडणार नाही. इशारा जिल्ह्याच्या नावाने असतो आणि गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. सोबत उंची दिलेली असते, अमुक मीटरच्या वर धोका मध्यम किंवा जास्त. ती उंची आणि मघाचे गोंडोलाचे आकडे शेजारी ठेवा, तुम्ही कुठे उभे राहणार ते लगेच कळेल. ‘मध्यम’ला हलकं घेऊ नका. युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि तिथे सगळ्यात जास्त माणसं मधल्या, तिसऱ्या पायरीच्या दिवशी दगावतात. चौथ्या-पाचव्याला लोक घरी बसतात.

गोंडोलाजवळच्या ठरावीक पट्ट्यात गुलमर्गचं स्की पेट्रोल नजर ठेवून असतं. दोरीच्या पलीकडे गेलात की जबाबदारी तुमची. तिकडे जाणारा प्रत्येक जण अंगावर बीकन बांधतो, ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल देणारी छोटी पेटी, आणि पाठीवर फावडं आणि सळई. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने कोसळते. एवढ्या वेळात श्रीनगरहून कोणी पोचत नाही, शेजारचा माणूसच काढतो. म्हणून गाइड ठरवताना पैशांच्या आधी विचारा, तुमच्याकडे किती बीकन आहेत आणि आम्हाला ते वापरायला शिकवणार का. तो ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला, तर दुसरा गाइड शोधा.

शिकायचंच असेल तर गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची स्कीइंगची संस्था आहे, तिचे कोर्स असतात. जागा लवकर भरतात, त्यामुळे चौकशी दिवाळीच्या आत करा.