नव्वदीपुढची सहा मिनिटं

मडगावच्या जुन्या बाजाराच्या बाजूला एका शिंप्याचं दुकान आहे. २३ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी तिथल्या कापड बेतायच्या टेबलावर खडूनं फुटबॉलचं मैदान आखलेलं होतं. एका अंगाला अकरा पांढरी बटणं, दुसऱ्या अंगाला अकरा निळी. निळी म्हणजे मुंबई सिटी. पांढरी म्हणजे एफसी गोवा. खरं तर ती नारिंगी हवी होती, पण ‘नारिंगी शर्ट शिवायला येतो कोण?’ हा मालकांचा सवाल बिनतोड होता. मी फोंड्याहून गेलो होतो ते तीन आठवडे अडकलेली माझी पँट सोडवायला. पँट त्या दिवशीही मिळाली नाही. दोन तास बसायला स्टूल मात्र मिळालं.

दुसऱ्या दिवशी फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. लीगमध्ये मुंबई ४७ गुणांसह दुसरी आणि गोवा ४५ गुणांसह तिसरा. फरक जेमतेम दोन गुणांचा, पण त्या दोन गुणांची किंमत मोठी. तेव्हा पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात, तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना आधी एक बाद सामना खेळावा लागे. गोव्यानं २० एप्रिलला चेन्नईयिनला २-१ नं हरवून आपली जागा मिळवली होती. मुंबईचा शेवटचा सामना १५ एप्रिलला झालेला. कोलकात्यात मोहन बागानकडून १-२ असा पराभव, हातातली लीग शील्ड गेली, पण त्यानंतर नऊ दिवसांची विश्रांती. गोव्याला चार.

‘चार आणि नऊ,’ टेबलाच्या कोपऱ्यावर रेललेले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले. ‘बाकीचं सगळं सोडा. ऐंशीव्या मिनिटानंतर हे पाच दिवस पायात येणार.’ बँकेत त्यांनी आयुष्यभर व्याज मोजलं असावं, इतक्या खात्रीनं ते बोलले.

शिंपीबुवांना हे मान्य नव्हतं. त्यांचा सगळा जीव एका बटणात अडकला होता, आणि ते बटण म्हणजे डावा बॅक. मुंबईचा लालियनझुआला छांगटे उजव्या बाजूनं धावतो आणि डाव्या पायावर चेंडू घेऊन आत वळतो. त्याच्यासमोर गोव्याचा जय गुप्ता. हा मूळचा पुण्याचा पोरगा बॅक असूनही पुढे धावायला कायम तयार. तो वर गेला की पाठीमागे जी मोकळी जागा उरते तिच्यात छांगटे शिरणार. मग जयला मागेच बांधून ठेवायचं का? तसं केलं तर आपली डावी बाजू थंड पडते. शिंपीबुवांनी ते बटण पाच वेळा पुढे नेलं, पाच वेळा मागे आणलं. शेवटी मधल्या रेषेवर ठेवून म्हणाले, ‘पळोवया.’ म्हणजे, बघूया.

तिसरा होता कॉलेजातला एक मुलगा. हातात मोबाइल, तोंडात ‘डबल पिव्हट’, ‘हाय प्रेस’ असले शब्द. त्याचं म्हणणं साधं होतं. पहिला सामना आपल्या घरी आहे, परक्या मैदानावरच्या गोलला जादा वजन नाही, तेव्हा घाबरून खेळायचं कारणच काय? दोन मारा, मग तिसरा मारा, मग चौथा. अंधेरीला जाताना गाठोडं जड पाहिजे.

‘दोन झाल्यावर काय करायचं, ते आधी ठरवा,’ बँकवाले म्हणाले. ‘आपलं दुखणं दोनच्या पुढचंच आहे.’

मग दुकानात क्षणभर कोणी बोललं नाही, आणि मला समजलं की टेबलावर फक्त उद्याचा सामना मांडलेला नव्हता.

फुटबॉलच्या चाहत्यांचा डावपेचांवरचा वाद बाहेरून ऐकला तर तंत्राचा वाटतो. चार-दोन-तीन-एक की चार-तीन-तीन, प्रेस करायचं की थांबायचं. माझ्या मते त्यात तंत्र निम्मंच असतं. उरलेलं निम्मं म्हणजे ज्याला जो पराभव जास्त लागला, त्याचा तो आधी बंदोबस्त करू पाहतो. बँकवाल्यांचा पराभव २० डिसेंबर २०१५ चा. त्या रात्री फातोर्ड्यालाच अंतिम सामना होता, झिको प्रशिक्षक, समोर चेन्नईयिन. आधी चेन्नईनं गोल केला, गोव्यानं फेडला, आणि ८७ व्या मिनिटाला जोफ्रेनं गोव्याला २-१ असं पुढे नेलं. तीन मिनिटं उरली होती. ९० व्या मिनिटाला चेंडू गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्याच अंगावरून आत गेला, आणि पाठोपाठ मेंडोझानं तिसरा मारला. ३-२. महिनाभरापूर्वी याच मैदानावर गोव्यानं मुंबईला ७-० असं धुतलं होतं, पण ते आज कोणाला आठवतं? सात गोलांची आठवण एका आत्मघाती गोलखाली गाडली गेली.

(कट्टीमणीची गोष्ट तिथेच संपत नाही. २०२२ चा अंतिम सामना पुन्हा फातोर्ड्यालाच झाला. हैदराबादकडून खेळताना त्यानं पेनल्टी शूटआउटमध्ये तीन फटके अडवले आणि चषक हैदराबादला नेला. तेव्हा हैदराबादचे प्रशिक्षक होते मानोलो मार्केझ. २०२३ मध्ये ते गोव्यात आले. २०२४ च्या उपांत्य फेरीत गोव्याच्या बाकावर तेच बसणार होते.)

शिंपीबुवांचा पराभव वेगळा आहे आणि त्यात फितुरीची चव आहे. सर्जिओ लोबेरा नावाच्या स्पॅनिश प्रशिक्षकानं गोव्याला देखणा, आक्रमक खेळ शिकवला. २०१९ च्या उपांत्य फेरीत मुंबईला त्यांच्याच घरी ५-१ असं हरवणारा संघ त्याचाच. परतीच्या सामन्यात मुंबई १-० नं जिंकली, बेरीज ५-२. २०२० च्या सुरुवातीला, लीगचे शेवटचे तीन सामने बाकी असताना क्लबनं त्याला काढलं, आणि त्याच वर्षी तो मुंबईत गेला. त्याच्यामागून अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, मूर्तदा फॉल आणि आपला मंदार राव देसाईही गेले. मुंबईत तोवर सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसा आला होता. मग मार्च २०२१ मध्ये उपांत्य फेरीत हेच दोन संघ समोरासमोर. पहिल्या सामन्यात २-२, आणि मुंबईचे दोन्ही गोल कोणाचे? बूमूसचा आणि फॉलचा. दुसरा सामना बांबोळीला ०-०. पेनल्टी आल्या तेव्हा दोन्ही संघांनी गोलरक्षक बदलले. निकाल मुंबईच्या बाजूनं ६-५, आणि शेवटचा विजयी फटका मारणारा रॉवलिन बोर्जिस हा गोव्याचाच.

त्या वर्षी करोनामुळे अख्खी लीग गोव्यात झाली, आणि गोव्याच्या माणसाला एकाही सामन्याला आत सोडलं नाही. बांबोळीचं मैदान शिंपीबुवांच्या मेहुण्याच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, तरी त्यांनी सामना टीव्हीवर पाहिला. ‘शेजारच्या घरात लग्न, आणि आपण फोटो बघतोय,’ असं ते अजून म्हणतात.

मुंबई आणि गोवा हे वैर तसं विचित्रच. आमच्या साळशेत-बार्देशच्या कित्येक घरांतला एक तरी माणूस मुंबईला होता. धोबीतलाव-गिरगावच्या भागात गावागावांच्या ‘कूड’ असत. जहाजावर चढायच्या आधी किंवा नोकरी शोधताना गोंयकार तिथे खाटेपुरती जागा घेऊन राही. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ पासूनचा, आणि कूपरेजच्या बाकांवर कोंकणी नेहमीच ऐकू येई. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा गोव्यात जन्मला आणि टाटांकडून मुंबईत खेळला. मग तो कोणाचा म्हणायचा? दुकानात यावर मतं विचारली, तेव्हा बँकवाले म्हणाले, ‘मारताना आमचा.’

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दहा-बारा वर्षांपूर्वी हे तिघे एका टेबलावर एका बाजूनं बसलेच नसते. शिंपीबुवा साळगावकरचे, बँकवाले धेंपोचे. आर्मांदो कुलासो यांच्या धेंपोनं देशाची लीग पाच वेळा जिंकली, साळगावकरनं दोनदा, चर्चिल ब्रदर्सनंही दोनदा. रविवारी फातोर्ड्याला जायचं ते एकमेकांना हरवायला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीग सोडली, आणि सगळ्यांचा राग, सगळ्यांची हौस एकाच नारिंगी जर्सीवर येऊन पडली. एकाच संघाला इतक्या लोकांच्या जुन्या आठवणी वाहायला लावणं हे त्याच्यावर अन्यायाचंच आहे. पण चाहता न्याय करायला येत नाही.

२४ एप्रिलला मी पूर्वेकडच्या गॅलरीत होतो. फातोर्ड्यात सुमारे १९ हजार माणसं बसतात. ढोल, झेंडे, गळ्यात नारिंगी पट्टे. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगनं गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात ५६ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसनं दुसरा. दोन-शून्य. कॉलेजकुमार म्हणाला होता तसंच चाललं होतं. संदेश झिंगन जानेवारीत गुडघा मोडून बसलेला असूनही बचावफळी टिकून होती. माझ्या शेजारच्या काकांनी स्कूटरची किल्ली काढून हातात धरली. गर्दीच्या आधी बाहेर पडायचं, ही गोव्याची जुनी सवय.

नव्वदाव्या मिनिटाला छांगटेनं एक फेडला. काका उभ्याउभ्याच म्हणाले, ‘हरकत नाही, दोन-एक.’ लगोलग विक्रम प्रताप सिंगनं दुसरा. काका बसले. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. २-३. सहा-सात मिनिटांत तीन गोल. गॅलरीतला ढोल कोणी थांबवला ते आठवत नाही, पण मुंबईच्या मूठभर लोकांचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवरच्या पंडितांनी गोव्याच्या ‘सुशेगाद’, म्हणजे निवांत, स्वभावावर खापर फोडलं. हा शब्द आमच्या गळ्यात घालायला बाहेरच्यांना फार आवडतं. प्रशिक्षक कॅटलान, मैदानावर मिझो, मणिपुरी, स्पॅनिश, आयरिश पाय, गोंयकार मोजून दोन-चार, आणि सुशेगाद म्हणे! पाय थकले होते, हे त्याहून खरं. सत्तर मिनिटं धावून जिंकायला आलेला संघ नकळत आपल्याच गोलकडे सरकत जातो. प्रशिक्षकानं सांगितलं नसलं तरी बॅक एक पाऊल मागे घेतो, हाफ दीड पाऊल घेतो, आणि मधे जी जागा तयार होते तिथे समोरच्याचा ताजा माणूस मान वर करून पास शोधू लागतो. कवाडं लावून बसायचं कोणी ठरवत नाही, ती आपोआप लोटली जातात. मुंबईचे प्रशिक्षक पेत्र क्रात्की डिसेंबरमध्येच मेलबर्नहून आलेले, त्यांना या दुखण्याचा इतिहास माहीत असायचं कारण नव्हतं. दुखरी जागा सापडायला इतिहास लागतोच असं नाही.

दुकानात मात्र तिघांचे तीन निष्कर्ष. बँकवाले: चार आणि नऊ. कॉलेजकुमार: तिसरा गोल मारायला हवा होता. शिंपीबुवा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त छांगटेचं निळं बटण उचलून खिशात टाकलं. २९ एप्रिलला अंधेरीत ते बटण नसतानाही मुंबईनं २-० असं जिंकलं, एक पेरेरा डियाझचा आणि एक छांगटेचाच. बेरीज ५-२, म्हणजे २०१९ चाच आकडा, फक्त उलटा. ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ नं हरवून राहुल भेकेनं मुंबईसाठी चषक उचलला. हा भेके म्हणजे २०१९ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत बेंगळुरूकडून गोव्याविरुद्ध एकमेव गोल मारणारा मुंबईकर. काही माणसं आपल्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतात.

मग पुढचं वर्ष. २०२४-२५ मध्ये गोवा दुसरा आला, म्हणजे या खेपेस थेट उपांत्य फेरी, विश्रांती आपल्या पदरात. समोर बेंगळुरू, २९ मार्चला मुंबईला ५-० नं चिरडून आलेलं आणि चार दिवसांत पुन्हा मैदानात उतरलेलं. ‘आता चार त्यांच्याकडे!’ म्हणून बँकवाल्यांनी सगळ्यांना चहा पाजला. २ एप्रिलला बेंगळुरूनं घरच्या मैदानावर २-० असं जिंकलं. चहाचे पैसे कोणी परत मागितले नाहीत, पण गणित तिथे मोडलं.

६ एप्रिलला फातोर्ड्यात गोव्यानं दोन्ही गोल फेडले. बोर्हा हेरेराचा एक, आणि ८८ व्या मिनिटाला आर्मांदो सादिकूचा दुसरा. बेरीज २-२. गॅलरीत लोक एकमेकांच्या खांद्यावर चढले. दुकानातला रेडिओ बंद करून शिंपीबुवा बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले, कारण आता काय येणार हे त्यांना माहीत होतं. ९० अधिक २: चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीनं डोक्यानं चेंडू आत घातला.

महिनाभरानं, ३ मे २०२५ ला, भुवनेश्वरात सुपर कपचा अंतिम सामना झाला. गोव्यानं जमशेदपूरला ३-० असं हरवलं. शेवटची दहा मिनिटं कोणीही श्वास रोखला नाही, त्यामुळे वाद घालायला काही उरलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, तेव्हा टेबलावर खडूचं मैदान नव्हतं, एका मुलीचा फ्रॉक बेतलेला होता. अभिनंदन केलं तर शिंपीबुवांनी टेप गळ्यात टाकली आणि म्हणाले, ‘जमशेदपूर हो पात्रांव. मुंबई नव्हे.’

छांगटेचं निळं बटण त्यांनी अजून परत डब्यात टाकलेलं नाही.