टिटवीच्या दारीं कॅमेरा

इंद्रायणी म्हटली कीं देहू-आळंदी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु तीच नदी लोणावळ्यानजीक कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावून मावळांतून वाहत जाते, आणि चैत्रांत पाणी ओसरलें म्हणजे तिच्या पात्रांत पांखरांचा संसार मांडला जातो. त्या संसाराचीं छायाचित्रें घेण्याचा हव्यास आम्हीं धरला, त्याची ही हकीकत.

पहाटेच्या लोकलनें पुतण्यासह कामशेतला उतरून आम्ही नदीवर गेलों. जवळ एक कॅमेरा, ३०० मिलिमीटरचें भिंग आणि भरपूर अज्ञान, एवढें साहित्य होतें.

प्रथम कवड्या खंड्या दिसला. हा पक्षी पाण्यावर एके जागीं पंख फडफडवीत तरंगतो आणि मग एकाएकीं सूर मारतो. आम्हीं कळ दाबली; चित्रांत उमटला केवळ करडा डाग. एवढें भिंग हातांत धरलें असतां शटरचा वेग निदान १/३०० सेकंद हवा, आणि उडत्या पांखरास १/१००० सेकंद किंवा त्याहूनही अधिक, हें त्या डागानें शिकविलें. पुढें बगळा स्वस्थ उभा राहिला, तर पिसांच्या जागीं कोरा कागद उतरला. काळ्या पाण्यापुढें पांढरें पांखरूं असलें म्हणजे कॅमेऱ्याचा अंदाज फसतो. प्रकाश आपणच कमी करावा लागतो.

नऊच्या सुमारास एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करूं लागली. इतक्या जवळ आलेला पक्षी पाहून आम्हांस कोण आनंद झाला! आम्ही पुढें सरकत, चित्रांवर चित्रें घेत राहिलों. तोंच पुतण्या म्हणाला, "काका, पायापाशीं पाहा." गोट्यांत गोट्यांसारखींच चार अंडीं होतीं. "उन्हांत तीं तापत नसतील का?"

त्या प्रश्नानें आमची मान खालीं गेली. टिटवी अशा दिवसांत अंडीं नुसतीं उबवीत नाहीं, तर उन्हांत त्यांवर सावलीही धरते. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून तीं गार राखते. ती ओरडत होती तें आम्हांस दूर घालविण्यासाठीं. पंचतंत्रांतील टिट्टिभाचीं अंडीं समुद्रानें नेलीं. येथें समुद्राच्या जागीं आम्ही उभे होतों. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत रानपक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणें हीदेखील शिकारच मानली आहे.

आम्ही पाऊलवाटेनें मागें फिरून शंभर पावलांवर, काठच्या झाडाखालीं बसलों. बऱ्याच वेळानें टिटवी पाण्याशीं गेली, पोट भिजवून वळणावळणानें चालत आली आणि अलगद बसली. तेव्हां घेतलेल्या चित्रांत ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसते.

जवळून घेतलेलीं सारीं चित्रें आम्हीं पुसून टाकलीं. हें एक मात्र घरीं सर्वांस दाखवितों. ज्यांच्या मुलांस या छंदाची गोडी लागली असेल, त्यांनीं कॅमेऱ्याबरोबर एवढेंही त्यांच्या हातीं द्यावें : पांखरूं ओरडूं लागलें कीं थांबावें, आणि आल्या वाटेनें परतावें.