जुना टायर : स्वस्त किती, महाग किती?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे गाव. याच तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. त्यामुळे इथल्या एखाद्या जुन्या अल्टोला किंवा बोलेरोला एकाच आठवड्यात पांदण रस्त्याचे दगड, बाभळीचे काटे आणि ताशी 120 किलोमीटरची मर्यादा असलेला महामार्ग असे सगळे सोसावे लागते. त्यातून टायर बदलायची गरज नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर जाणवते, आणि घरातला पैसा तेव्हा बियाण्याला आणि खताला लागलेला असतो. मग मालेगाव, वाशीम किंवा अकोल्याला जाऊन जुने टायर घालून आणण्याचा विचार होतो. हा विचार मुळातच चुकीचा आहे असे नाही. चुकतो तो हिशेब. टायरची किंमत आपण नगावर मोजतो, पण विकत घेतो ते त्याचे उरलेले आयुष्य. ते मोजायला शिकले की जुन्या टायरबद्दलचे बरेचसे समज आपोआप गळून पडतात.

गैरसमज : खाचा दिसतात, म्हणजे टायर अजून अर्धा शिल्लक आहे

कारच्या नव्या टायरच्या खाचा साधारण 8 मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 94 नुसार कारसाठी 1.6 मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. ती दाखवायला खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात आणि त्यांच्या जागा टायरच्या बाजूवर खुणेने दाखवलेल्या असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांना टेकला की तो बाद. म्हणजे वापरता येते ते 8 नव्हे, 6.4 मिलिमीटर. पण ही झाली कायद्याची मर्यादा. पावसात खाचांचे काम टायरखालचे पाणी बाहेर काढणे हे असते. खोली कमी झाली की वेगात पाणी निघायला वाव मिळत नाही, चाक पाण्याच्या थरावर चढते आणि ब्रेक दाबला तरी गाडी घसरत जाते. म्हणूनच जर्मनीतली एडीएसी ही वाहनचालकांची संस्था उन्हाळी टायरही 3 मिलिमीटरला बदलण्याचा सल्ला देते. आता हिशेब मांडून बघू. समजा नवा टायर 4,000 रुपयांना आणि 4.5 मिलिमीटर खाच उरलेला जुना 1,500 रुपयांना मिळतो, आणि बसवणे, बॅलन्सिंग व व्हॉल्व्ह यांचे 200 रुपये दोन्हीकडे सारखेच लागतात. 3 मिलिमीटरपर्यंतच वापरायचे ठरवले, तर नव्यात 5 मिलिमीटर मिळतात, दर मिलिमीटरला 840 रुपये. जुन्यात मिळतात फक्त दीड, दर मिलिमीटरला 1,133 रुपये. आता हेच 1.6 मिलिमीटरपर्यंत ओढले, तर नवा 656 रुपयांना पडतो आणि जुना 586 रुपयांना. थोडक्यात, जुना टायर स्वस्त पडतो तो शेवटचे 1.4 मिलिमीटर, म्हणजे ओल्या रस्त्यावरचे सर्वांत धोक्याचे रबर, संपेपर्यंत वापरायची तयारी असेल तरच. त्यातली बचत दुकानदार देत नाही. ती आपण आपल्या ब्रेकमधून काढून घेतो.

गैरसमज : कधीच न वापरलेली स्टेपनी म्हणजे नवाच टायर

रबर झिजते तसे ते म्हातारेही होते. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होत जाते आणि त्याला बारीक भेगा पडतात. टायर पळाला नाही तरी हे थांबत नाही. दुकानाबाहेर विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात टांगलेला टायर उभ्या उभ्याच म्हातारा होत असतो. म्हणून जुन्या टायरच्या ढिगात ज्याच्या खाचा सर्वांत खोल, तोच कदाचित सर्वांत जुना असू शकतो. वय ओळखण्याची सोय टायरवरच असते. बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, अर्थात जून महिना. हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, त्यामुळे टायर उलटून पाहावा लागतो. ते आकडे खरवडलेले दिसले तर पुढे बोलणीच करू नयेत. अनेक वाहन उत्पादक खाचा कितीही शिल्लक असल्या तरी सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. त्यामुळे चार वर्षांपेक्षा जुना टायर घेणे म्हणजे दोन वर्षांच्या आत पुन्हा त्याच दुकानात येणे.

गैरसमज : काळाभोर आणि चकचकीत आहे, म्हणजे आतूनही धड आहे

वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण या व्यवहाराला चपखल बसते. टायर पॉलिशचा हात फिरवला की बारीक भेगा दिसेनाशा होतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे गुळगुळीत झालेल्या टायरवर तापवलेल्या पात्याने नव्या खाचा कोरणे. ट्रकच्या काही टायरमध्ये अशा कोरणीसाठी तळाला जादा रबर ठेवलेले असते आणि तसे टायरवर लिहिलेलेही असते. कारच्या टायरला अशी सोय नसते. तिथे पाते खोल गेले की तारांच्या पट्ट्यांपर्यंतचे संरक्षणच निघून जाते. कोरीव खाच ओळखता येते: तिच्या कडा धारदार असतात, खोली सगळीकडे सारखी नसते आणि तळाचे झिजेचे उंचवटे कापले गेलेले असतात. मात्र खरी परीक्षा आतून होते. टायर रिमवर चढवण्याआधी त्याच्या आत हात फिरवावा आणि उजेडात पाहावे. आतल्या कडेने गोल फिरणारा काळपट पट्टा किंवा रबराचा भुगा दिसला, तर तो टायर कमी हवेत बराच चालला आहे आणि त्याची बाजू आतून चुरगळली आहे. बाहेरून बाजूला फुगा असेल तर आतले धागे तुटलेले आहेत, आणि त्याला दुरुस्ती नाही. पंक्चर खाचांच्या भागात असेल आणि आतून पॅच लावून नीट बुजवलेले असेल तर चालते. बाजूवरच्या पंक्चरचा टायर घेऊ नये.

गैरसमज : ट्यूब टाकली की झाले, आणि एसटीसुद्धा रिमोल्डवरच चालते

ट्यूबलेस टायरची हवा टिकत नसेल तर आत ट्यूब टाकून देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. ट्यूब हवा धरते; तुटलेले धागे जोडत नाही. उलट टायर आणि ट्यूब यांच्या घर्षणाची उष्णता वाढते, आणि एरवी काटा घुसल्यावर हळूहळू उतरणारी हवा ट्यूब फाटली की एकदम जाते. रिमोल्डचा, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याचा (रिट्रेडिंगचा), मुद्दा जास्त विचार करण्याजोगा आहे. एसटी महामंडळाची स्वतःची रिट्रेडिंग केंद्रे आहेत आणि विमानांचे टायरसुद्धा रिट्रेड होतात, हे खरेच आहे. पण तिथे मूळ टायर कोणाचा, तो किती चालला, किती वेळा दुरुस्त झाला याची नोंद असते आणि तपासणी करूनच नवे रबर चढते. बाजारातल्या कारच्या रिमोल्डचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. दोष रिट्रेडिंगच्या तंत्रात नाही. नोंदच नसलेल्या टायरवर ते वापरण्यात आहे.

गैरसमज : उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी किंवा नायट्रोजन भरावा, म्हणजे जुना टायर फुटत नाही

टायर तापला की आतला दाब वाढतो, म्हणून आधीच हवा कमी ठेवावी, हे तर्काला पटते. प्रत्यक्षात उलटे घडते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि त्या दबण्या-उलगडण्यातूनच उष्णता तयार होते. वेग आणि ओझे वाढले की ती आणखी वाढते आणि अखेर थर सुटतात. दाब वाढेल हे गृहीत धरूनच कंपनीने चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर गार टायरचा आकडा दिलेला असतो. तोच पाळावा. राहिला नायट्रोजन. साध्या हवेतच तो सुमारे 78 टक्के असतो. शुद्ध नायट्रोजनने दाब थोडा जास्त दिवस टिकतो, पण भेगा बुजत नाहीत. 2023 मध्ये समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर परिवहन विभागाने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. तिथे पाहिली गेली ती टायरची अवस्था, आतला वायू नव्हे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्याची गाडी गावातून तालुक्याला आणि परत एवढीच चाळीसच्या वेगाने धावते, त्याने समृद्धीचा हिशेब का करावा? वेग कमी असेल तर धोका कमी, हे मान्य. पण फुगा आलेला किंवा म्हातारा टायर हळू चालवल्याने तरुण होत नाही, आणि लग्नाला किंवा दवाखान्यात जायची वेळ आली की तीच गाडी पाच माणसे घेऊन महामार्गावर चढते. दुसरा आक्षेप पैशाचा: चार नवे टायर परवडतच नाहीत. मग चार जुने घेण्यापेक्षा दोन नवे, साध्या कंपनीचे पण आयएसआय चिन्हाचे घ्यावेत. ते मागे बसवावेत. चांगले टायर पुढे हवेत हा समजही चुकीचा आहे. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केल्यावर सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते. आणि जुनेच घ्यायचे असतील तर अलॉय व्हील घालण्यासाठी नव्या गाडीचे उतरवलेले टायर शोधावेत. त्यांचे वय आणि झीज दोन्ही कमी असतात.

पैसे मोजण्याआधी एवढे पाहा: माप गाडीच्या पुस्तकातलेच आहे का, वजन आणि वेगाचा निर्देशांक त्यातल्यापेक्षा कमी तर नाही ना, टायर चार वर्षांच्या आतला आहे का, आणि त्याची खाच किती मिलिमीटर उरली आहे. उरलेल्या खाचेतून 3 वजा करा आणि तेवढ्याच मिलिमीटरचे पैसे द्या. टायर आतून दाखवायला दुकानदार तयार नसेल, तर तो टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका.