बारावा फटका

मुलांनो, गोट्या खेळताना गल गाठायची असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आता अशी कल्पना करा, की ही गल तुमच्यापासून चांगली अर्धा किलोमीटर लांब आहे. वाटेत झाडी आहे, वाळूचे खड्डे आहेत आणि गलीच्या अगदी तोंडाशी एक तळं आहे. गोटीच्या जागी लहानशा लिंबाएवढा कडक पांढरा चेंडू आणि बोटांऐवजी हातात लांब दांड्याची काठी. झालं! तुम्ही गोल्फ खेळायला लागलात.

या गलीला गोल्फमध्ये 'होल' म्हणतात. एका मैदानात असे १८ होल असतात. प्रत्येक होल किती फटक्यांत पुरा व्हावा, याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणायचं. पार ५ असेल तर चांगल्या खेळाडूला पाच फटके पुरावेत. गंमत अशी, की इथे परीक्षेच्या उलट कारभार! ज्याचा आकडा सर्वांत कमी, तो पहिला. आणि चेंडू पाण्यात गेला तर एक फटका दंड. हा दंड नीट लक्षात ठेवा, पुढे गणित करायचं आहे.

या खेळावर १९९६ साली अमेरिकेत एक चित्रपट आला, 'टिन कप'. रॉन शेल्टन हा त्याचा दिग्दर्शक. यानेच १९८८ मध्ये बेसबॉलवर 'बुल डरहॅम' काढला होता. दोन्हीत नायक एकच, केव्हिन कॉस्टनर. 'टिन कप' ही विनोदी प्रेमकथा आहे. पण मी आज त्याबद्दल लिहायला बसले ती प्रेमकथेसाठी नव्हे. या चित्रपटाचा शेवट पाहून उठलेली माणसं आजही दोन तट पडून भांडतात, म्हणून.

आईबाबांना आधीच सांगून ठेवते. अमेरिकेत या चित्रपटाला 'आर' दर्जा आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांबरोबरच पाहायचा. त्यात शिव्या आहेत आणि मुलांसमोर नको वाटतील अशी दृश्यंही आहेत. तेव्हा तो तुम्ही पाहा, मुलांना गोष्ट सांगा. मी वर्गात तेच केलं.

तर गोष्ट अशी. टेक्सासच्या एका धुळकट कोपऱ्यात रॉय मॅकॅव्हॉय नावाचा माणूस गोल्फच्या सरावाचं मैदान चालवतो. हातात अफाट कसब, खिशात दमडी नाही. त्याचा जुना सोबती डेव्हिड सिम्स मात्र नामांकित खेळाडू झालेला. सिम्स बेताबेतानं खेळतो, धोका घेत नाही. एकदा दोघांची पैज लागते, एकाच जातीच्या काठीनं कोणाचा चेंडू लांब जातो. रॉय जीव खाऊन मारतो. सिम्स काय करतो? मैदानाकडे पाठ फिरवतो आणि चेंडू डांबरी रस्त्यावर मारतो! चेंडू उड्या मारत, घरंगळत जातो तो जातोच. रॉय आपली मोटार हरतो.

मग मॉली येते. ही मानसोपचारतज्ज्ञ. रॉयकडे गोल्फ शिकायला येते तेव्हा अंगावर नाना तऱ्हेची यंत्रं बांधून येते, कारण जाहिरातीत म्हटलं होतं की त्यांनी खेळ सुधारतो. रॉयला ती आवडते, पण ती तर सिम्सची मैत्रीण. तिच्यावर छाप पाडायची म्हणून हा पठ्ठ्या यू. एस. ओपन स्पर्धेत उतरायचं ठरवतो. ही अमेरिकेतली फार मोठी स्पर्धा, १८९५ पासून चालू. पण नावाप्रमाणे ती खरोखरच खुली आहे. पात्रता फेऱ्या जिंकत आलात तर कोणा नामवंताची चिठ्ठी लागत नाही.

रॉयच्या काठ्यांची पिशवी वाहणारा आणि त्याला सल्ला देणारा मित्र म्हणजे रोमिओ. अशा माणसाला 'कॅडी' म्हणतात. पात्रता फेरीत दोघांचं असं भांडण जुंपतं की काठ्या मोडून पडतात, उरते एकच. त्या एका काठीवर रॉय उरलेला डाव काढतो. पुढे ऐन स्पर्धेत त्याचा चेंडू भलतीकडेच उडायला लागतो. रोमिओ म्हणतो, डाव्या खिशातली नाणी उजव्या खिशात टाक, डाव्या बुटाला दुहेरी गाठ मार, टोपी उलटी कर. सगळं झाल्यावर, मार आता. फटका सरळ! नाण्यांत जादू नव्हती हो. डोकं दुसऱ्या उद्योगाला लागलं आणि हातांना त्यांचं काम करता आलं. पाढे म्हणताना अडखळणाऱ्या मुलाला मी खिडकीबाहेर बघून म्हणायला सांगते, तेव्हाही हेच होतं.

स्पर्धा चार दिवसांची. पहिल्या दिवशी रॉय ८३ फटके घेतो, म्हणजे नाचक्कीच. दुसऱ्या दिवशी ६२! चित्रपट आला तेव्हा गोल्फ जाणणारे प्रेक्षक इथे हसले असतील, कारण खऱ्या यू. एस. ओपनमध्ये तोवर ६३ च्या खाली कोणी गेलंच नव्हतं. तो ६३ चा विक्रम जॉनी मिलरनं १९७३ साली केला होता. पण २०२३ मध्ये काय झालं पाहा. रिकी फाउलर आणि झँडर शॉफेली या दोघांनी एकाच दिवशी, त्याच स्पर्धेत ६२ ची फेरी काढली. चित्रपटातली थाप सत्तावीस वर्षांनी खरी झाली.

आता शेवट. चौथा दिवस, अठरावा होल, पार ५. रॉय पहिल्या क्रमांकाच्या शर्यतीत आहे. पहिला फटका सुंदर बसतो. आता समोर तळं, तळ्यापलीकडे होल. शहाणा खेळाडू काय करील? तळ्याच्या अलीकडे छोटा फटका मारून थांबेल आणि मग अलगद पलीकडे जाईल. सिम्स तेच करतो. रोमिओ पिशवी खांद्यावर घेऊन तेच विनवतो. रॉय ऐकत नाही. आधीच्या फेरीत याच तळ्यानं दगा दिलेला असूनही तो थेट पलीकडे मारतो.

चेंडू तळं ओलांडतो, हिरवळीवर पडतो... आणि हळूहळू मागे घरंगळत पाण्यात जातो!

अजूनही बिघडलेलं नसतं. दंड भरून तळ्याच्या काठाजवळून खेळता येतं. पण रॉय म्हणतो, दुसरा चेंडू दे, इथूनच मारणार. तोही पाण्यात. तिसरा पाण्यात. चौथा. पाचवा. पिशवीत आता एकच चेंडू उरलाय. हाही बुडाला तर रॉय स्पर्धेतूनच बाद. तो मारतो. चेंडू तळं ओलांडतो आणि सरळ होलमध्ये जातो.

करा आता गणित. पहिला फटका १. तळ्यावरून मारलेले फटके ६. त्यांतले पाच पाण्यात, म्हणून दंड ५. एकूण १२. पाचाच्या जागी बारा! स्पर्धा ना रॉय जिंकतो ना सिम्स. जिंकतो पीटर जेकबसन, हा खराखुरा गोल्फपटू चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत आहे. पण मैदानावरचे लोक टाळ्या वाजवतात ते रॉयसाठी.

आमच्या घरी चित्रपट संपला आणि टीव्हीसमोरच सभा भरली. 'हे' म्हणाले, शुद्ध मूर्खपणा, पहिला चेंडू बुडाला तिथेच हिशेब कळायला हवा होता. हे बँकेत आहेत, त्यांच्याकडून दुसरं काही अपेक्षित नव्हतं. भावजींनी गादीवरून उडी मारली. त्यांचं म्हणणं, जिंकणारे दर वर्षी असतात, असा बारावा फटका पुन्हा कोण मारणार? चित्रपटात मॉलीही साधारण हेच म्हणते. सासूबाईंना इंग्रजी कळत नाही, पण खेळ बरोबर कळला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "पोराला शेवटचाच चेंडू राहिलाय हे आधी कोणी सांगितलं नाही होय?"

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वर्गात फळ्यावर तळं काढलं, होल काढला आणि पाचवा चेंडू बुडेपर्यंतची गोष्ट सांगितली. मग विचारलं, पुढचा मारायचा की थांबायचं? तीनचतुर्थांश वर्ग ओरडला, "मारायचा!" मग मी बारा या आकड्याचं गणित फळ्यावर मांडलं आणि पुन्हा विचारलं. कितीतरी हात खाली गेले. एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही आधी गणित सांगितलं असतं तर मी ओरडलोच नसतो."

मला वाटतं, प्रेक्षकांचं भांडण इथंच आहे. कोणी आकडे मोजत पाहतं, कोणी फटका पाहतं.

"असं खरं कुठे होतं का?" हा प्रश्न घरीही आला आणि वर्गातही. होतं! गॅरी मॅकॉर्ड नावाचा खेळाडू १९८७ साली मेंफिसच्या स्पर्धेत असाच पाण्यावरून मारत राहिला आणि एका पार ५ च्या होलला त्याला १६ फटके लागले. चित्रपटाच्या शेवटाची कल्पना त्यावरूनच आली. आणि २०१८ मध्ये मास्टर्स या स्पर्धेत सर्जिओ गार्सियाचे एकाच होलवर पाच चेंडू पाण्यात गेले. बरोब्बर पाच! त्याला १३ फटके लागले, म्हणजे रॉयपेक्षा एक जास्त. गार्सिया कोणी नवशिका नव्हता, आदल्या वर्षी तीच स्पर्धा त्यानं जिंकली होती. त्याचं म्हणणं असं, की फटके चांगलेच बसत होते, चेंडूच थांबत नव्हता. तेव्हा असं कोणी करत नाही म्हणणाऱ्या प्रेक्षकांचा मुद्दा तरी बाद झाला.

पालकसभेत मला एक वाक्य फार ऐकू येतं, "बाई, आमचा फार हट्टी आहे." आणि तेच पालक जाताजाता म्हणतात, "अभ्यासात मात्र जिद्द नाही हो." मुलगा एकच! आपल्या भाषेनं हट्ट आणि जिद्द असे दोन शब्द केलेत, पण एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, याची रेघ मारून दिलेली नाही. रॉयचा पहिला फटका मला जिद्दीचा वाटतो. अंगात ताकद होती, चेंडू पलीकडे पोचलाही होता. दुसरा, तिसरा, चौथा मला हट्टाचे वाटले. रागाच्या भरात मारलेले. सहाव्याला काय म्हणावं, ते मात्र मला या दोन शब्दांत बसवता येत नाही.

सिम्सच्या बाजूनंही कोणीतरी बोलायला हवं. बहुतेक प्रेक्षक त्याला भित्रा म्हणून मोकळे होतात. पण तळ्याअलीकडे थांबणं हा काय गुन्हा आहे? तोच सल्ला रोमिओ देतो तेव्हा तो आपल्याला शहाणा वाटतो! ही दिग्दर्शकाची लबाडी आहे. त्यानं सिम्सला लहान मुलांवर आणि कुत्र्यांवर डाफरणारा दाखवला, म्हणजे आपण त्याचं बरोबर असलं तरी त्याच्याशी सहमत होणार नाही. गोष्ट वाचताना, चित्रपट पाहताना एखादा माणूस आवडत नाही म्हणून त्याचं म्हणणंही चुकीचं वाटतंय का, हे तपासून पाहत जा. वर्तमानपत्र वाचतानाही उपयोग होतो.

आणि एक बारीक गोष्ट, जी अनेक प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही. मॉली नंतर रॉयला सांगते, की बारा फटके घेऊनही तो पहिल्या पंधरात आलाय, म्हणून पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत त्याला थेट प्रवेश आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मघाशी खाली गेलेले हात परत वर आले. "मग बरोबरच केलं त्यानं!" मी म्हटलं, अरे, पण फटका मारताना त्याला हे कुठे माहीत होतं? त्यावर जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले तेव्हा कुठे थांबला.

सगळ्यात शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती एरवी बोलत नाही. म्हणाली, "बाई, पिशवी तर रोमिओच्या खांद्यावर होती. त्याला पटत नव्हतं, तर त्यानं शेवटचा चेंडू दिला कशाला?"

कोणी म्हणालं, मित्र होता म्हणून. कोणी म्हणालं, नोकर होता म्हणून. एक जण म्हणाला, त्यालाही बघायचं असणार, जातोय का ते. मुलीनं तिघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या भावानं मागितला असता ना, तर मी आधी भांडले असते. मग दिला असता."