इमारतीच्या सुरक्षेची चर्चा बंद दाराआड व्हावी का?

गुहागर तालुक्यातील हेदवीत उद्या शाळेला सीसीटीव्ही बसवायचे ठरले, तर कॅमेरे किती आणि खर्च किती, हे ग्रामसभेत कुणीही विचारू शकतो. पण कोणता कोपरा कॅमेऱ्यात येत नाही, हेही भर सभेत सांगायचे का?

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात याचे उत्तर आहे. सभा लोकांसाठी खुली असते. एखादा विषय खासगीत घ्यायचा तर हजर नगरसेवकांच्या बहुमताने तसा ठराव करावा लागतो. दार अधिकाऱ्याच्या मर्जीने बंद होत नाही.

माहिती अधिकार कायद्याचे (२००५) कलम ८ जिवाला धोका पोहोचवणारी माहिती नाकारू देते. कलम १० मध्ये तेवढा भाग वगळून उरलेली माहिती देण्याची सोय आहे.

खरा घोळ ‘सुरक्षा’ या शब्दात आहे. कुलूप-पहारा ही सुरक्षा, तशीच आगीपासून बचावाची सोय हीही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. त्या कागदात चोराच्या कामाचे काहीच नसते. तो झाकला तर अंधारात राहतात रुग्णांचे नातेवाईक.

तेव्हा हेदवीच्या सभेत कॅमेऱ्याचा आंधळा कोपरा सांगू नये. शाळेतला आग विझवण्याचा सिलिंडर शेवटचा कधी भरला, हे मात्र जरूर विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.